चव आणि वसुली



खाद्य व्यावसायिकांच्या परिषदेत अध्यक्षांनी चवीवर बोलायची रीत आहे. मी वसुलीवर बोलणार आहे. बेचव पदार्थामुळे बुडालेला धंदा मी क्वचितच पाहिला. येणे थकून बुडालेले मात्र आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीत निघतील.

माझी आई लालबागला खाणावळ चालवायची. बायकामुले गावी ठेवून आलेले गिरणीकामगार आमच्याकडे दोन्ही वेळा जेवत. कोकणातल्यांना भात आणि बांगड्याचे तिखले, घाटावरच्यांना भाकरी आणि झणझणीत कालवण. पाळ्या बदलल्या की जेवणाच्या वेळा बदलत आणि त्याबरोबर आमची झोपही. पैसे महिन्याने, पगार झाला की, खाडे वजा करून. वहीत मांडायचे काम माझे; पण कोणाचे किती खाडे, हे अक्षरशत्रू आईला तोंडपाठ असे. वाण्याकडचे धान्य उधार, कामगारांचे जेवण उधार, आणि दोन्ही उधाऱ्या फिटायच्या गिरणीच्या पगारावर. आमचे खरे भांडवल म्हणजे ती पगाराची तारीख.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि पगाराची तारीखच नाहीशी झाली. आईने चूल चालू ठेवली. रोजच्या माणसाला पानावरून उठवणार कसे? वाण्याने मात्र हात आखडता घेतला. त्याला तरी दोष कसा द्यावा? त्यालाही घाऊक बाजारात पैसे मोजावे लागत होते. आधी आईच्या पाटल्या गेल्या, मग मोठी पातेली. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. माणसे एकेक करून गावाकडे पांगली. काहींनी पुढे तांदूळ आणून दिला, बहुतेकांचे तोंड पुन्हा दिसले नाही. एके दिवशी आईने ती वही रद्दीत घातली. वडील त्यावरून तिच्याशी बरेच दिवस धड बोलले नाहीत. मला विचाराल, तर तिचा तो निर्णय धंद्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचा होता. न येणाऱ्या पैशांवर मन अडकलेला माणूस नवे काही उभे करू शकत नाही.

आईसारख्या खाणावळवाल्या बायकांसाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि सावकाराच्या दारातून त्यांना बँकेच्या दारात नेले. हे काम केवढे मोठे, ते त्या गल्ल्यांत वाढलेल्यांना विचारा. तरीही कर्जाने धान्यच भरता येते. जेवणाऱ्याचा पगार थांबला तर कर्जाचा हप्ताही थांबतो.

माझा मसाल्याचा पहिला कारखाना नेमका याच वाटेने गेला. एका मोठ्या दुकानसाखळीने माल घेतला, तोही विकला जाईल तसे पैसे देण्याच्या बोलीवर. मालाची तारीफ झाली. मिरची मात्र मला रोखीने घ्यावी लागे आणि कांडपाच्या बायकांची मजुरी शनिवारी चुकवावी लागे. शेवटी यंत्रे विकून त्या बायकांचे पैसे चुकते केले. सासूबाईंनी कपाटातली ठेवपावती काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “आता पिशव्या घेऊन तूच दारोदार जा.” मी गेले. गेली कित्येक वर्षे रोख विकते आहे. व्याप लहान आहे, पण शनिवार चुकत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे. २००६च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. २०२४ पासून तर आपल्यासारख्या उत्पादकांचे पैसे मुदतीत न देणाऱ्याला ते चुकते करेपर्यंत आयकरात तो खर्च दाखवता येत नाही. तरी आपण तक्रार करत नाही, कारण पुढची ऑर्डर जाईल ही भीती. ती खरी आहे. मी तिला हसणार नाही. एकट्या पापडवालीने भांडू नये, म्हणूनच संघटना असते. परिषदेच्या नावाने थकबाकीदारांना पत्रे पाठवणारी समिती नेमावी, असा ठराव मी दुपारी मांडणार आहे. विरोध करायचा असेल त्यांनी जरूर करावा.

आणखी एक. आजचे जेवण आपल्याच एका सभासद भगिनीने केले आहे. तिचे बिल कधी देणार, असे मी सकाळी खजिनदारांना विचारले. ते म्हणाले, “परिषद आटोपली की बघू.” खजिनदारसाहेब, चेकबुक व्यासपीठावर घेऊन या.