पडद्यावरचा मनाचा डॉक्टर

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींसमोर केलेले भाषण)



वर्धापनदिनी आपल्यापैकीच एकीने चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घेतले आणि विषय विचारला. मी म्हटले, "टी.व्ही.वर मनाच्या दुखण्यावरचे उपचार दाखवतात, ते कितपत खरे असतात, यावर बोलेन." त्या क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिल्या. त्यांचेही बरोबरच आहे. मी डॉक्टर नव्हे आणि मानसशास्त्राचे पुस्तकही मी कधी शिकलेले नाही. परंतु मालिका पाहण्याचा माझा अनुभव दांडगा आहे, आणि मधल्या काळात खऱ्या उपचाराच्या खोलीबाहेरच्या बाकावरही मी पुष्कळ तास बसले आहे. पडद्यावर पाहिलेले आणि त्या बाकावरून पाहिलेले, यांत जे अंतर मला आढळले तेवढेच आज सांगणार आहे. त्यातले काही माझ्या घरातले आहे. सूनबाईंची परवानगी घेऊनच मी ते सांगत आहे, हे आधी नमूद करते.

प्रथम आपल्या रोजच्या मालिकांकडे वळू. तिथला प्रसंग आपणां सर्वांना पाठ आहे. नायिका मूर्च्छित पडते. डॉक्टर तिला तपासतात आणि बाहेर व्हरांड्यात येतात. तिथे सासू, नणंद, जाऊ, दीर असे सारे घर उभे असते. डॉक्टर चष्मा काढतात आणि सर्वांदेखत सांगतात, "यांच्या मनावर मोठा आघात झाला आहे. त्यांना भूतकाळातले काही आठवू देऊ नका." झाले! निदान, उपचार आणि रोग्याचे गुपित, सारे एका मिनिटात बारा माणसांच्या स्वाधीन! पुढे केव्हातरी तिला जिन्यावरून दुसरा धक्का बसतो आणि गेलेली स्मृती परत येते. एक घाव, दोन तुकडे.

आपण हसतो, परंतु असे रोज पाहून पाहून मनात एक समजूत घर करते. माझ्याही मनात ती होती, आणि तिची किंमत माझ्या सुनेला मोजावी लागली.

दुसऱ्या बाळंतपणानंतरची ही गोष्ट. बाळ पाच महिन्यांचे होते. सूनबाई ओट्याशी उभी असे आणि दूध उतू गेले तरी तिच्या ध्यानात येत नसे. बाळ रडले की तिने दचकावे, पण उचलू नये. रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागत नसे. आम्ही म्हणालो, आळस आहे. मग म्हणालो, अशक्तपणा आहे. डिंकाचे लाडू झाले, अळीव झाले. नात्यातल्या एकाने "बाहेरचे काही असेल, देवर्षीकडे नेऊन पाहा" असेही सुचविले. शेवटी माझी मुलगी माहेरपणाला आली आणि एका संध्याकाळी सूनबाई तिला म्हणाली, "ताई, मी नसते तर बाळाचे बरे झाले असते." माझी मुलगी त्याच दिवशी भांडली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही सावेडीकडच्या एका दवाखान्यात गेलो.

तिथे मला पहिली गोष्ट कळली ती ही, की या कामाची माणसेही वेगवेगळी असतात. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे वैद्यकी शिकलेले डॉक्टर. ते औषध देतात. मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक औषध देत नाहीत. त्यांचे साधन म्हणजे संवाद. पडद्यावर एकच माणूस सगळे करतो, म्हणून आपला घोळ होतो. सूनबाईला दोन्ही लागले. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि आठवड्यातून एकदा एका बाईंकडे तासाभरासाठी बसायला सांगितले.

त्या खोलीत मी काय काय कल्पिले होते! मला वाटले, निजायला कोच असेल, मंद दिवा असेल, डोळ्यांपुढे घड्याळ हलवतील. होत्या नुसत्या दोन खुर्च्या, एक टेबल, पाण्याचा तांब्या आणि भिंतीवरचे कॅलेंडर. दार लागले. तासाभराने सूनबाई बाहेर आली ती जशी गेली होती तशीच.

रिक्षात बसताच मी विचारले, "अगं, काय विचारलं त्यांनी?"

ती म्हणाली, "झोप कशी लागते ते विचारलं, आई."

"आणि आणखी?"

"आणखी काही नाही."

दुसऱ्या आठवड्यातही तेच, तिसऱ्यातही तेच. मी मनात म्हणाले, नुसत्या गप्पांचे एवढे पैसे? आणि खरे सांगायचे तर पैशांपेक्षा मला दुसरीच चिंता होती. ही आत माझ्याविषयी काय बोलते? तिसऱ्या खेपेस मी उठून दारापाशी जाऊन उभी राहिले. ऐकू काही आले नाही. सूनबाई बाहेर आल्यावर मी सरळ आत गेले आणि म्हणाले, "बाई, मी तिची सासू. तिच्या मनात काय आहे, ते मला कळायला हवे."

त्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी मला बसायला सांगितले आणि शांतपणे म्हणाल्या, "काकू, त्या इथे काय बोलल्या ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. त्यांच्या जिवाला धोका आहे असे वाटले, तर घरच्यांना सावध करणे माझे काम आहे, आणि ते मी करेन. एरवी इथले बोलणे त्यांचे आहे."

मला राग आला. मालिकेतला डॉक्टर तर सासूला सगळे सांगतो! त्या रागाच्या भरात मी घरी जाऊन मुलाला सांगितले, "तिथे काही होत नाही, नुसता वेळ जातो." आणि पुढचे दीड-दोन महिने सूनबाईचे जाणे बंद पडले. गोळ्याही हळूहळू सुटल्या. त्या दोन महिन्यांतली एक रात्र अशी गेली, की तिच्याविषयी मी या व्यासपीठावरून बोलणार नाही. एवढेच सांगते, की देवाच्या दयेने माझा मुलगा वेळेवर जागा झाला. त्या रात्रीत माझाही वाटा होता, हे मी माझ्या मनाशी कबूल केले आहे आणि आज आपणांपुढे करीत आहे.

सूनबाई पुन्हा जाऊ लागली. मग मी बाकावर बसूनच राहू लागले, आणि घरी आले की पूर्वी पाहिलेले सिनेमे नव्या डोळ्यांनी आठवू लागले.

आपल्या पिढीने "खामोशी" पाहिलेला आहे. वहिदा रेहमानची परिचारिका राधा रोग्याला बरे करण्यासाठी त्याच्यावर प्रेम असल्याचे नाटक करते, तेही डॉक्टरांच्या सांगण्यावरून, आणि शेवटी तिचेच मन ढळते. मूळ बंगाली चित्रपट 1959 चा. त्यात सुचित्रा सेन होत्या. कथा काळजाला भिडते, पण खऱ्या उपचारात हे सर्वांत मोठे पाप! उपचार करणाऱ्याने रोग्याशी तसले नाते जोडायचे नाही, ही त्या धंद्यातली पहिली मर्यादा. 2007 सालच्या "भूल भुलैया"त तर मनोविकारतज्ज्ञ वाड्यात येऊन राहतो आणि मांत्रिकाच्या साथीने मोठा देखावा रचून एका रात्रीत रोग हटवतो. करमणूक उत्तम, पण ते पाहून आलेल्या माणसाला आठवड्याचा एक तास मिळमिळीतच वाटणार.

2016 सालचा "डिअर जिंदगी" त्या मानाने पुष्कळ जवळ येतो. गोव्यातला डॉक्टर आणि तरुण मुलगी समुद्रकाठी फिरत बोलतात, सायकली चालवितात. खरे काम बहुधा बंद दारामागे चालते, कारण वाटेवर चार कान असतात. लहानपणीची एक आठवण सापडली आणि गाठ सुटली, असेही सहसा घडत नाही. परंतु शेवटी ती मुलगी त्याच्याविषयीची ओढ बोलून दाखविते, तेव्हा तो तिला नम्रपणे नाही म्हणतो आणि उपचार तिथे संपवितो. "खामोशी"तली चूक इथे सुधारलेली दिसते.

माझ्या मुलीने मला एक परदेशी मालिकाही दाखविली. इस्रायलमध्ये 2005 साली ती प्रथम निघाली, नंतर 2008 पासून अमेरिकेत "इन ट्रीटमेंट" या नावाने झाली. प्रत्येक भाग म्हणजे एक बैठक. दोन खुर्च्या आणि दोन माणसे. बाहेरचे जग जवळजवळ नाहीच. कधी रोगी गप्प बसतो, कधी रागावतो, कधी उशिरा येतो, आणि त्यातूनच काम पुढे सरकते. आठवड्याच्या शेवटी तो डॉक्टर स्वतः आपल्या वडीलधाऱ्या सल्लागार बाईंकडे जाऊन बसतो. तेही खरे आहे. या व्यवसायातली माणसे आपले काम जाणत्या माणसाकडून तपासून घेतात. मात्र त्यातला डॉक्टर रोग्यांच्या आयुष्यात फार गुंततो. नाटक म्हटले की तेवढे आलेच.

आपल्या मराठीतही याची जाण आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा "देवराई" 2004 साली आला. त्यात अतुल कुलकर्णी यांनी स्किझोफ्रेनियाचा रोगी उभा केला आणि त्याच्या बहिणीची ओढाताणही दाखविली. त्याच दोघांचा "कासव" हा 2016 सालचा चित्रपट. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. स्वतः मनोविकारतज्ज्ञ असलेले डॉ. मोहन आगाशे त्यात आहेत, पण डॉक्टर म्हणून नव्हे, तर कासवे जपणारा माणूस म्हणून. जीव नकोसा झालेल्या मुलाला एक बाई घरी आणते, खाऊपिऊ घालते, आणि प्रश्नांनी भंडावून सोडीत नाही. तो आपल्या वेळेने बोलू लागतो. हा चित्रपट मी सूनबाईसोबत पाहिला. ती काही बोलली नाही. मीही विचारले नाही.

मग खोलीत घडते तरी काय? सूनबाईने पुढे आपणहून दाखविले तेवढे सांगते. तिच्याजवळ एक वही होती. मनात आलेला विचार लिहायचा, त्याने काय वाटले ते लिहायचे, आणि तो विचार खरोखर किती खरा आहे ते ताडून पाहायचे. "मी वाईट आई आहे" असे एका पानावर होते. त्याखाली तिने लिहिले होते, "आज बाळाला तीनदा पाजले. न्हाऊ घातले." विचार तपासण्याची ही रीत डॉ. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास अमेरिकेत मांडली. कि. मो. फडके यांनी ती "विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती" म्हणून मराठी वाचकांपर्यंत आणली. यात चमत्कार नाही. शिवण शिकण्यासारखे आहे. आठवड्याला थोडे थोडे, आणि घरी सराव. सूनबाईला उतार पडायला सात-आठ महिने लागले. एक दिवस दूध उतू जाण्याआधी तिने गॅस बंद केला. आमच्या घरातला शेवटचा भाग एवढाच होता, पार्श्वसंगीत नव्हते.

मालिकावाल्यांना मी दोष देत नाही. त्यांना वीस-बावीस मिनिटांत प्रेक्षक धरून ठेवायचा असतो. दोन माणसे तासभर बसून बोलतात, यात त्यांनी दाखवावे काय? पण आपण विरजण लावतो तेव्हा भांडे झाकून ठेवतो. दर घटकेला झाकण काढून ढवळले तर दही लागत नाही. मी मात्र दाराला कान लावून तेच करायला गेले होते.

आता तीन गोष्टी सांगून संपविते.

पहिली : आत झालेले बोलणे आत गेलेल्या माणसाचे. हा नुसता शिष्टाचार नव्हे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रोग्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. सासूने, नवऱ्याने, आईनेही "काय बोललीस?" असे विचारू नये. "पुढच्या वेळी रिक्षा किती वाजता सांगू?" एवढे विचारावे.

दुसरी : दोन-तीन खेपांत गुण आला नाही म्हणून सोडू नये. गोळ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून बंद करू नयेत. सूर जुळत नसेल तर दुसऱ्या जाणत्या माणसाकडे जावे, पण जाणे थांबवू नये.

तिसरी : मदत आपण समजतो तितकी दूर नाही. आपल्या जिल्हा रुग्णालयात दाखविता येते. लोणीला प्रवरेच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. 14416 हा सरकारचा "टेली मानस" दूरध्वनी 10 ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. तो रात्रंदिवस आणि विनामूल्य आहे. हा आकडा गॅसच्या पुस्तकावर लिहून ठेवा. आपल्याच जिल्ह्यात डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे हे दांपत्य "माउली सेवा प्रतिष्ठाना"त रस्त्यावर आलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना आसरा देते. त्याही कोणाच्या तरी सुना आणि लेकी आहेत, हे ध्यानात धरावे.

एक सांगायचे राहिले. ज्या बाईंनी मला नाही म्हटले, त्याच बाईंनी त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट विचारली होती. "काकू, तुमच्या स्वतःच्या बाळंतपणानंतर तुम्ही कशा होता?" तेव्हा मी तरातरा निघून गेले. वर्षभराने मी स्वतःसाठी वेळ मागून घेतली आणि त्या खुर्चीत बसले. काय बोलले, ते मी घरी कोणाला सांगितलेले नाही. सूनबाई बाहेर बाकावर बसली होती. मी बाहेर आले तेव्हा तिने एवढेच विचारले, "आई, चहा घ्यायचा का?"