घोंगडी काळीच दिसली पाहिजे

आज बचत नाही, कर्ज नाही, हप्ते नाहीत. आज आम्ही कॅमेऱ्याबद्दल बोलणार आहोत. हसू नका, आमच्या गटाचे पैसे आणि अब्रू दोन्ही त्यात अडकली होती.

आमचा गट फलटणकडचा. पुण्यातल्या एका दुकानदाराला आम्ही घोंगड्यांचे फोटो पाठवले आणि आठ नगांची मागणी आली. देशी मेंढीची काळी लोकर, हातमागाचं विणकाम, चिंचोक्याची खळ, सगळं रीतसर. माल गेला आणि पंधरा दिवसांत पाच घोंगड्या परत आल्या. गिऱ्हाइकांचं म्हणणं, फोटोत राखाडी दाखवली आणि काळी पाठवली. दुकानदार फोनवर "फसवणूक" म्हणाला. तो शब्द फार लागला. जाण्यायेण्याचं भाडं गटाच्या खात्यातून गेलं ते वेगळंच.

ज्या आजींनी लोकर कातली त्या बैठकीत म्हणाल्या, "मेंढी काळी, लोकर काळी, मग ही राख कुठनं आली?" सगळ्या फोटो काढणाऱ्या पोरीकडे बघायला लागल्या. तिने कॅमेरा मागून आणला होता आणि ऑटोवर ठेवून नुसतं बटण दाबलं होतं. रंगात तिने काहीच केलं नव्हतं.

याचं उत्तर आम्हाला स्वारगेटला मिळालं. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका दादांकडून जुना डीएसएलआर घ्यायचं ठरलं होतं. त्यांचं दुकान काही सापडेना, तेव्हा तेच कॅमेरा घेऊन एसटी स्टँडवर आले. फलटणच्या गाडीला वेळ होता. आम्ही त्यांना घोंगडीची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "ताई, कॅमेऱ्याला घोंगडी माहीत नाही."

गोष्ट अशी आहे. कॅमेऱ्याच्या आत उजेड मोजणारा मीटर असतो. समोर काय आहे ते त्याला कळत नाही. समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी असणार असं तो धरून चालतो. काळी घोंगडी पुढे आली की त्याला वाटतं उजेड कमी पडला, म्हणून तो फोटो उजळ करतो आणि काळ्याची राख होते. पांढऱ्या कापडावर पांढरी कुरडई ठेवली की उलटं होतं. त्याला वाटतं उजेड जास्त झाला, मग तो फोटो दाबतो आणि कुरडई मळकी दिसते. आमच्या कुरडईच्या फोटोंचंही तसंच झालं होतं, आणि आम्ही उगाच पिठाला दोष देत होतो.

म्हणून मॅन्युअल. वरच्या चाकावर इंग्रजी एम अक्षर असतं, तिथे यायचं. मग तीन गोष्टी आपल्या हातात येतात. भाकरीवरून समजून घ्या. जाळ मोठा असेल तर वेळ कमी लागतो, जाळ बारीक असेल तर जास्त. अ‍ॅपर्चर म्हणजे जाळ, लेन्समधलं भोक किती उघडं आहे ते. शटर म्हणजे वेळ, उजेड किती वेळ आत येतो तो. अ‍ॅपर्चरचे आकडे मात्र उलटे चालतात, ५.६ चं भोक मोठं आणि ११ चं लहान. आम्ही सगळ्याच इथे चुकलो. शटरच्या जागी नुसतं १२५ दिसतं, त्याचा अर्थ सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग. हातात धरून काढताना ६० च्या खाली जाऊ नका, फोटो हलतो. तिसरं आयएसओ. उजेड कमी असेल तेव्हा ते वाढवायचं, पण फार वाढवलं की फोटो रवाळ होतो.

दादांनी आम्हाला स्टँडच्या छपराखाली उभं केलं. आयएसओ ४००, अ‍ॅपर्चर ५.६, शटर १२५. मग बाहेर रणरणत्या उन्हात नेलं. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर ११, शटर २००. दोन पावलांत एवढा फरक! आपल्या डोळ्यांना तो जाणवत नाही, कारण डोळा आपोआप जुळवून घेतो. आमच्यातली एक छपराच्या कडेला उभी राहिली, पाठीमागे ऊन. पहिल्या फोटोत तिचा चेहरा कोळसा झाला. दादा म्हणाले, जवळ जा, फक्त चेहरा दिसेल असं धरा, तिथे मोजा, आकडे बसवा, मग मागे या आणि काढा. चेहरा नीट आला. पाठीमागच्या गाड्या उन्हात पांढऱ्याफटक झाल्या, पण गाड्या थोड्याच विकायच्या होत्या?

साध्या डीएसएलआरवर एकच चाक असतं. ते फिरवलं की शटर बदलतं. अधिक-उणे चिन्हाचं बटण दाबून धरून तेच चाक फिरवलं की अ‍ॅपर्चर बदलतं. डोळा लावून पाहिलं की खाली एक पट्टी दिसते, मधे शून्य. घोंगडीला काटा शून्यावर आणायचा नाही, उणेच्या बाजूला एक ते दीड घर ठेवायचा. कुरडईला अधिकच्या बाजूला तेवढाच. पट्टीची दिशा कॅमेऱ्यागणिक वेगळी असू शकते, म्हणून डावं-उजवं पाठ करू नका, चिन्ह बघा.

इतकं शिकून घरी आलो, एमवर ठेवून फोटो काढला, आणि घोंगडी परत राखाडी! शटर बदललं तरी तीच. रात्री दादांना फोन केला. ते म्हणाले, आयएसओ ऑटोवर राहिलं असेल. तेच झालं होतं. आम्ही एका बाजूने उजेड कमी करत होतो आणि कॅमेरा दुसरीकडून भरून काढत होता. तेव्हा एमवर आलात की आधी आयएसओला आकडा द्या.

कॅमेरा हे पुरुषांचं काम, असं गावात अजून ऐकू येतं. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला. त्या कामात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्म धुण्यापासून सगळं शिकल्या होत्या. चित्रीकरणात उजेड परतवायला त्या पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहत, असं सांगतात. आम्हीही आता घोंगडीच्या सावलीच्या बाजूला पांढरं धोतर धरतो. लोकरीचा धागा न धागा दिसतो.

आता आमची पद्धत ठरली आहे. सकाळी दहाला ओसरीवर, ऊन थेट पडत नाही अशा जागी. एकदा आकडे बसवले की सगळ्या घोंगड्या त्याच आकड्यांवर काढायच्या, म्हणजे एक उजळ, एक काळपट असं होत नाही. मधे ढग आला तर मात्र पुन्हा मोजायचं.

नवे फोटो आजींना कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवले. त्यांनी डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "हां, ही माझी." दुकानदाराला तेच फोटो पाठवले, खाली "रंग काळा" असं लिहूनही. परत आलेल्या पाचांपैकी तीन गेल्या. दोन अजून आमच्या कपाटात आहेत.