नेटवर्किंगचे शिक्षण : आपल्या मुलांसाठी एक वाट

(नारायणगुडा येथे मंडळाच्या सभासदांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय आपल्या पत्रकाच्या नेहमीच्या विषयांहून वेगळा वाटेल. मतदारयादी, भाषिक अल्पसंख्यांचे हक्क, मराठी शाळांचा घटता पट यांवर आपण येथे पुष्कळदा बोललो आहोत. आज आम्ही संगणकांच्या जोडणीविषयी, म्हणजे ज्याला सारे नेटवर्किंग म्हणतात त्या धंद्याविषयी बोलणार आहोत. पण हाही विषय शेवटी राजकारणाचाच आहे. ज्या समाजाच्या मुलांच्या हाताला काम नाही, त्या समाजाचे निवेदन कोणी वाचत नाही.

या शहरात मराठी घराणी टिकली ती कशाच्या बळावर, हे आधी आठवू या. निजामाच्या काळी राय रायान घराण्याकडे दफ्तर-ए-दिवाणी वंशपरंपरेने होते. पहिल्या सालारजंगांच्या सुधारणांनंतर ही वंशपरंपरागत दफ्तरे मागे पडली. १८८४ च्या सुमारास दरबारी फारसीची जागा उर्दूने घेतली, तेव्हा आपल्या पूर्वजांनी उर्दू पक्की केली आणि वकिलीत, न्यायखात्यात, महसुलात नाव काढले. केशवराव कोरटकर त्याच पिढीचे. ते हैदराबादच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, आणि १९०७ साली विवेक वर्धिनी शाळा उभी राहिली तीही त्यांच्यासारख्यांच्या खटपटीने. त्यांच्या नावाची केशव मेमोरियल संस्था १९४० पासून आपल्या नारायणगुड्यात आहे. पुढे १९४८ चे पोलीस अ‍ॅक्शन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपण येथे उरलो. उर्दूचे महत्त्व ओसरले, तेलुगू आणि इंग्रजी आली. आपल्या वडीलधाऱ्यांनी त्याही शिकून बँका, रेल्वे, ए.जी. ऑफिस, ई.सी.आय.एल. अशा ठिकाणी नोकऱ्या धरल्या.

प्रत्येक पिढीने नवी विद्या शिकूनच आपली जागा राखली. आज मात्र आपल्यातील कित्येक घरांत बी.कॉम., बी.एस्सी. झालेली मुले दोन-दोन वर्षे ‘बघू या’ म्हणत बसली आहेत. जुने घर बिल्डरला देऊन मिळालेल्या फ्लॅटच्या भाड्यावर आज भागते, उद्या भागेलच असे नाही. त्यांच्यासाठी सुचवण्याजोगी ही एक वाट आहे.

नेटवर्किंगचे काम म्हणजे नेमके काय? बँकेच्या शाखेतला संगणक मुख्य कार्यालयाशी बोलतो, रुग्णालयातला रिपोर्ट डॉक्टरच्या पडद्यावर उमटतो, तो मध्ये कोणीतरी स्विच, राउटर, फायरवॉल बसवून नीट चालू ठेवलेली असते म्हणून. जोडणी तुटली की कारण शोधणे, नव्या शाखेला पत्ते वाटून देणे, नको त्या माणसाला बाहेर ठेवणे, हेच हे काम.

हे अवघड वाटते म्हणून एक साधे उदाहरण देतो. आपल्या घराचा नंबर पाहा. त्यात पहिला आकडा वॉर्डाचा, दुसरा ब्लॉकचा आणि मग घराचा असतो. पोस्टमनला आधी वॉर्ड कळतो, मग ब्लॉक, शेवटी दार. संगणकाचा आय.पी. पत्ता असाच असतो. त्याचा कितवा भाग ‘गल्ली’ आणि कितवा ‘दार’, हे सबनेट मास्क सांगतो. २५६ पत्त्यांच्या एका वस्तीचे चार सारखे भाग केले तर प्रत्येकात ६४ पत्ते येतात. त्यातला पहिला त्या गल्लीच्या नावासाठी आणि शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्यासाठी राखलेला, म्हणून यंत्रांना ६२ उरतात. ज्या मुलाला हा हिशेब कागदावर जमला, त्याला हा धंदा जमेल. त्यासाठी इंजिनिअर असण्याची अट नाही.

आता परीक्षांचे. या क्षेत्रात सिस्को कंपनीच्या परीक्षांना मान आहे. सी.सी.आय.ई. ही त्यांची सर्वांत अवघड परीक्षा १९९३ साली आणि सी.सी.एन.ए. ही पायरीची परीक्षा १९९८ साली सुरू झाली. त्याच १९९८ च्या नोव्हेंबरात माधापूरला सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले, हे ज्येष्ठांना आठवत असेल. फेब्रुवारी २०२० मध्ये सिस्कोने सी.सी.एन.ए.च्या अनेक शाखा एकत्र करून १२० मिनिटांची एकच परीक्षा ठेवली. त्या आराखड्यात पत्ते व मार्ग यांना २५ टक्के, सुरक्षेच्या पायाभूत ज्ञानाला १५ टक्के आणि स्वयंचलनाला १० टक्के भार दिला होता. बसण्यासाठी पदवीची अट नाही. शुल्क तीनशे डॉलर, म्हणजे करासह पंचवीस हजार रुपयांच्या वर, आणि नापास झाल्यास पुन्हा तेवढेच. प्रमाणपत्र तीन वर्षे चालते, नंतर नूतनीकरण करावे लागते. पूर्वीची वतने पिढ्यान्‌पिढ्या चालत, हा मात्र तीन वर्षांचा भाडेकरार आहे. पण तो मिळवताना कोणी आडनाव विचारत नाही, मातृभाषा विचारत नाही आणि वशिलाही लागत नाही. आपल्यासारख्या संख्येने थोड्या समाजाला हे फार मोलाचे आहे.

आमच्या मते क्रम असा असावा. पहिले तीन महिने पाया. आय.आय.टी.च्या प्राध्यापकांची नेटवर्किंगवरची व्याख्याने एन.पी.टी.ई.एल.वर विनामूल्य ऐकता येतात, आणि पॅकेट ट्रेसर नावाच्या सिस्कोच्या मोफत प्रणालीत घरच्या संगणकावर खोटी जोडणी करून खरा सराव होतो. पुढचे तीन-चार महिने सी.सी.एन.ए.ची तयारी, रोज किमान दोन तास, त्यातला निम्मा वेळ हाताने करण्यात. त्याबरोबर लिनक्सची ओळख आणि थोडे पायथन शिकावे, कारण पूर्वी शंभर यंत्रांवर एकेक करून टंकायच्या आज्ञा आता प्रोग्रॅमने दिल्या जातात. ढगावरची, म्हणजे क्लाउडची, जोडणीही शिकावी. मार्च २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने हैदराबादेत डेटा सेंटर उभारण्याची घोषणा केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अ‍ॅमेझॉनने आपले हैदराबाद केंद्र सुरू केले. अशा इमारतींत जोडणी जाणणारी माणसे लागतातच.

पहिली नोकरी मात्र खुर्चीतली असेलच असे नाही. केबल ओढणे, टोके क्रिंप करणे, हेल्पडेस्कवर फोन घेणे, किंवा नेटवर्कवर चोवीस तास लक्ष ठेवणाऱ्या केंद्रात रात्रपाळी करणे, यातूनच बहुतेकांची सुरुवात होते. येथे आम्हाला पालकांशी स्पष्ट बोलायचे आहे. ‘आमच्या घरचा मुलगा तारा ओढणार का?’ हा प्रश्न सोडून द्या. दोन वर्षे तारा ओढलेला मुलगा पुढे सी.सी.एन.पी. करतो तेव्हा त्याला जे कळलेले असते, ते नुसत्या पुस्तकी मुलाला कळत नाही. मुलींच्या बाबतीत रात्रपाळीच्या प्रवासाची काळजी खरी आहे. नारायणगुड्याला २०२० पासून मेट्रोचे स्थानक आहे, पण मध्यरात्री मेट्रो नसते. कंपनीची गाडी दारापर्यंत येते का, हे रुजू होण्यापूर्वी लेखी विचारावे. तेवढ्यावरून मुलीचे शिक्षण अडवू नये.

आता धोके. अमीरपेटचे क्लास देशभर प्रसिद्ध आहेत. मैत्रीवनमच्या परिसरात शिकून हजारो मुले मार्गाला लागली, हे मान्य करावे. पण सगळेच क्लास सारखे नसतात. आपल्याच सभासदांच्या घरांतून तीन प्रकारच्या तक्रारी आल्या आहेत. पहिली, ‘शंभर टक्के नोकरी’ असे सांगून पूर्ण फी आगाऊ घेणे आणि नंतर फोन न उचलणे. दुसरी, परीक्षेतले प्रश्न आधीच पाठ करून घेणे, ज्याला ‘डम्प’ म्हणतात. हे पकडले गेल्यास निकाल रद्द होतो आणि परीक्षेला बंदीही येऊ शकते. तिसरी आणि सर्वांत वाईट, खोट्या अनुभवाचे दाखले विकणे. कंपन्या आता मागची चौकशी करतात. ते उघडकीस आले की नोकरी जाते आणि नावावर डाग राहतो. आपल्या पूर्वजांच्या सहीला या शहरात किंमत होती. ती आपण वीस-तीस हजारांच्या कागदासाठी घालवायची का?

अशा वेळी नुसते हळहळू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली फीच्या पावतीवर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाखांपर्यंत मोबदला दिला असेल तर तक्रारीला शुल्क नाही. १९१५ या क्रमांकावर आधी सल्ला मिळतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने शिकवणी वर्गांच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत खात्रीच्या निवडीचे वगैरे खोटे दावे करण्यास मनाई आहे. म्हणून जाहिरातीचा कागद, पावती आणि मोबाईलवरचे निरोप जपून ठेवा.

प्रमाणपत्राने सर्व प्रश्न सुटतात असे आम्ही म्हणत नाही. २०००-०१ मध्ये डॉटकॉमचा फुगा फुटला तेव्हा नुसते कागद बाळगणारे आधी घरी बसले. जानेवारी २००९ मध्ये आपल्याच शहरातील सत्यमचा घोटाळा उघड झाला, तेव्हा मोठ्या कंपनीची नोकरी म्हणजे जन्माची सोय, हा समजही गेला. पण हातात खरे कसब असले की माणूस दुसऱ्या दारी जाऊ शकतो.

आता मंडळाने काय करावे? आपण दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार करतो. शाल, श्रीफळ, प्रशस्तिपत्र आणि अल्पोपाहार यांवर बराच खर्च होतो. सत्कार साधेपणाने करावा आणि उरलेल्या पैशांतून परीक्षा-निधी उभारावा, असा प्रस्ताव आम्ही ठेवत आहोत. जो विद्यार्थी सरावाची वही आणि तयारी दाखवील, त्याला परीक्षेची फी बिनव्याजी उसनी द्यावी. पास झाल्यास निम्मी माफ, नोकरी लागल्यावर उरलेली हप्त्याने परत. काही ज्येष्ठांना सत्कार कमी होणे रुचणार नाही, याची कल्पना आहे. मुलाचे कौतुक व्हावे हे योग्यच. पण जे मूल ९० टक्क्यांच्या आत राहिले त्याला आपण आजवर काय दिले, याचाही विचार व्हावा. दुसरे, ज्यांच्या कार्यालयांत जुने राउटर-स्विच मोडीत निघतात त्यांनी ते रीतसर परवानगीने मंडळाला मिळवून द्यावेत, म्हणजे दर रविवारी सराववर्ग चालवता येईल. तिसरे, या क्षेत्रात स्थिरावलेल्या आपल्या मुला-मुलींनी महिन्यातून दोन तास द्यावेत.

आणि मते मागायला येणाऱ्यांना दोन प्रश्न विचारा. चिक्कडपल्लीच्या शहर मध्यवर्ती ग्रंथालयात कितीतरी मुले दिवसभर स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करीत बसतात. तेथे संगणक-जोडणीच्या सरावाची एक खोली का असू नये? आणि फसव्या क्लासवर कारवाई व्हावी म्हणून तुम्ही काय कराल? या मागण्या मराठी मुलांपुरत्या नाहीत. तेलुगू आणि उर्दू शेजाऱ्यांनाही त्या पटतील, आणि त्यांच्या साथीनेच त्या पदरात पडतील. राज्य सरकारी भरतीत ‘स्थानिक’ कोण हे मातृभाषेवरून ठरत नाही, शाळा कोठे शिकलो यावरून ठरते. आपली मुले येथलीच आहेत, मागणीही येथल्या नागरिकांसारखीच करावी.

प्रस्ताव पुढील सभेत मताला येईल. बाजूने असो वा विरोधात, प्रत्येक घरातून एकाने तरी यावे, आणि येताना घरातल्या तरुणाला बरोबर आणावे. निर्णय त्याच्याविषयी आहे, तेव्हा तो त्याच्या समोरच व्हावा.

जय हिंद, जय महाराष्ट्र, जय तेलंगणा.