शिट्टी आणि निशाण

आमच्या सायवनकडे शाळांची शर्यत शिट्टीवर सुटते. बहिरा मुलगा शेजाऱ्याचे पाय हाललेले पाहून निघतो, आणि अंगीं वेग असूनही मागें राहतो.

बधिरांचे पहिले जागतिक सामने १९२४ सालीं पॅरिसला झाले. त्यांच्या संघटनेस १९५५ सालीं ऑलिंपिक समितीनें मान्यता दिली. या सामन्यांत आतां दिव्याच्या इशाऱ्यावर धाव सुटते. २०२५ सालीं टोकियोंत प्रांजली धुमाळ यांनीं पिस्तुल नेमबाजींत सुवर्णपदक जिंकलें. तरीही मल्ल वीरेंद्र सिंह यांस २०२१ सालीं, पद्मश्री मिळाल्यावर, अन्य दिव्यांग खेळाडूंइतक्या हक्कांसाठीं दिल्लींत हरियाणा भवनासमोर बसावें लागलें.

पदकविजेत्यांचा सत्कार सोपा असतो. प्रत्येक तालुक्याच्या क्रीडासमितीनें शिट्टीबरोबर निशाणही हालवावें. मग त्या मुलाचा खरा वेग आपणांस दिसेल.