एका वर्षाची रजा



औंढ्याच्या भूमीवर 'वर्ष वाया गेले' असे म्हणताना जीभ थोडी अडखळली पाहिजे. संतांच्या मेळ्यात कच्चे मडके ठरलेले नामदेव गुरूच्या शोधात इथेच आले, असे परंपरा सांगते. पिंडीवर पाय ठेवून निजलेले विसोबा खेचर त्यांना इथेच भेटले. प्रत्यक्ष पांडुरंगाशी ज्यांचे बोलणे, त्यांना पुन्हा शिष्य होऊन बसावे लागले. ते दिवस व्यर्थ गेले असे कोणी वारकरी म्हणत नाही.

बारावीच्या निकालानंतर मात्र घरोघरी वेगळीच भाषा ऐकू येते. परदेशात शाळा आणि महाविद्यालय यांच्यामधल्या मोकळ्या वर्षाला 'गॅप इयर' म्हणतात. मराठवाड्यात त्याचा अवतार म्हणजे 'ड्रॉप'. 'नीट'मध्ये गुण कमी पडले की मुलगा लातूरला किंवा नांदेडला 'रिपीटर' म्हणून जातो. जिद्दीने पुन्हा प्रयत्न करण्यात गैर काहीच नाही. पण तेच तीन विषय, तीच खोली, तीच खाणावळ यांना मोकळे वर्ष कसे म्हणावे? आणि पहिल्या 'ड्रॉप'नंतर दुसरा घ्यायचा की नाही, हे आधी ठरलेलेच नसते.

या संदर्भात विनोबांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. 1916 च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघालेला हा तरुण सुरतेस उतरला आणि काशीला गेला. पुढे तो गांधीजींच्या आश्रमात दाखल झाला. हा भाग सर्वांना ठाऊक असतो. त्यानंतरचा भाग फारसा सांगितला जात नाही. 1917 मध्ये विनोबांनी आश्रमातून एक वर्षाची रजा मागितली. प्रकृती सुधारायची होती आणि संस्कृत अध्ययन पुरे करायचे होते. ते वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी उपनिषदे व ब्रह्मसूत्रे शिकले. विद्यार्थ्यांना गीता शिकवली, महाराष्ट्रात शेकडो मैल पायी हिंडले. वाचनालयाला पैसे हवे होते, म्हणून मुलांना घेऊन जात्यावर दळण दळले. वर्ष संपले त्या दिवशी ते आश्रमात हजर होते. विनोबा महाविद्यालयात परतले नाहीत हे खरे, आणि त्यांचे अनुकरण प्रत्येकाने करावे असेही नाही. पण गुरू कोण, काम कोणते आणि परतायचे कधी, या तीनही गोष्टी रजा घेतानाच ठरलेल्या होत्या.

असे वर्ष इथल्या मुलालाही घेता येईल. हिंगोली-वसमतचा परिसर हळदीचा. काढणी, शिजवणी, वाळवणी, ढोलातली घासणी आणि मोंढ्यातला भाव हे सारे हिशेबाची वही हाती घेऊन एक हंगाम पाहिले, तर वाणिज्य किंवा कृषी शाखेला जाणाऱ्याला ते पुस्तकाइतकेच शिकवील. मोबाइल हाती घेऊन ओट्यावर बसणे म्हणजे मात्र रजा नव्हे! पुढे प्रवेशाच्या वेळी महाविद्यालय खंडाचे कारण विचारते, शपथपत्र मागते. तेव्हा त्या कागदावर लिहिण्यासारखे काही असावे.

आता सर्वांत अवघड गोष्ट. मुलाचे वर्ष मोकळे राहिले तर लोक 'अभ्यास करतोय' म्हणतात. मुलीचे राहिले की स्थळे येऊ लागतात. बारावी होते तेव्हा ती सतरा-अठरा वर्षांची असते, आणि कायद्याने विवाहाचे वय अठरा. त्या एका वर्षात तिचे महाविद्यालय कायमचे सुटू शकते. त्यामुळे पुष्कळ मुली थकलेल्या असल्या, शाखा निश्चित नसली, तरी मिळेल तिथे प्रवेश घेऊन टाकतात. मुलाला मिळणारी सवलत तिला मागताही येत नाही. घरात मुलगी एक वर्ष मागत असेल, तर माता-पित्यांनी तिच्यासमोर बसून पुढच्या प्रवेशाचा महिना आणि अभ्यासक्रम ठरवावा, आणि स्थळ घेऊन येणाऱ्या पाहुण्यांनाही तोच महिना सांगावा.