कोऱ्या पाटीसारखी चिप

एकेकाळी चिप कारखान्यातून बाहेर पडली की तिचं काम कायमचं ठरलेलं असे. अमेरिकी इंजिनिअर रॉस फ्रीमन यांना ते पटेना. चिप कोरीच द्यावी, आतली जोडणी इंजिनिअरनं आपल्या टेबलावर ठरवावी, ही त्यांची कल्पना. यात ट्रान्झिस्टर भरपूर खर्ची पडणार होते. पण ते स्वस्त होत जातील, हे त्यांनी ओळखलं होतं.

१९८४ मध्ये दोन सहकाऱ्यांसह त्यांनी कॅलिफोर्नियात झायलिंक्स कंपनी काढली. १९८५ च्या पहिल्या चिपमध्ये हवे तसे जोडता येणारे अवघे ६४ तार्किक ठोकळे होते. वीज गेली की चिप सगळं विसरायची, आणि वीज परत आली की शेजारच्या मेमरीतून आपली जोडणी पुन्हा वाचून घ्यायची. मला हे फार विलक्षण वाटतं!

फ्रीमन १९८९ मध्ये गेले. २०२२ मध्ये झायलिंक्स एएमडी या चिप कंपनीनं विकत घेतली.