शेतातले काम सुटले, आता ताटाचा हिशेब ठेवा

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

एरवी माझे बोलणे बियाणे, खत आणि फवारणी यांच्यापुरते असते. आज विषय थोडा वेगळा घेतला आहे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात हे आजार आपल्याकडे ‘शहरातल्या बसून खाणाऱ्यांचे’ म्हणून ओळखले जात. आता ते आपल्या गावांचा बांध ओलांडून आत आले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असावा आणि साडेतेरा कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर असावेत, असा अंदाज निघाला.

आता तुम्ही म्हणाल, हे डॉक्टरांनी सांगावे, शेतकी खात्याच्या माणसाने कशाला? पण आपल्या भागापुरते बोलायचे तर या दुखण्याचे एक मूळ शेतातच सापडते. कसे, ते सांगतो.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाण्याला वागळे इस्टेट उभी राहिली. मग डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर येथे कारखाने आले. ठाणे शहराची महानगरपालिका १९८२ साली झाली, कल्याणची १९८३ साली. शीळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना जिथे भाताची खाचरे होती, तिथे इमारती आल्या. कोणाची जमीन संपादनात गेली, कोणी विकली, कोणी चाळी बांधून भाडे घेऊ लागले. ज्यांची शेती राहिली त्यांच्याकडेही चिखलणीला पॉवर टिलर आणि झोडणीला मळणी यंत्र आले. यात वाईट काही नाही. कष्ट कमी व्हावेत म्हणूनच आम्हीही यंत्रांचा प्रचार करतो.

पण एक गोष्ट सगळ्यांच्याच नजरेतून निसटली. लावणीला दिवसभर वाकून राहणे, कापलेले भारे डोक्यावरून खळ्यावर आणणे, भाजीची पाटी घेऊन कल्याणच्या बाजारापर्यंत चालत जाणे, हे सारे सुटले. ताटातला भाताचा ढीग मात्र तेवढाच राहिला. सकाळी तांदळाची भाकरी, दुपारी भात, रात्री पुन्हा भात. वर दिवसातून चार-पाच वेळा गोड चहा. आजोबांचे ताट नातवाने घेतले, आजोबांचे काम मात्र घेतले नाही.

शरीरात काय होते

भात, भाकरी, पोळी यांतल्या पिठाची पोटात साखर होते आणि ती रक्तात उतरते. काम करणारे स्नायू ही साखर ओढून घेतात. स्नायूंना घरातल्या कणगीसारखे समजा. दिवसभर राबणाऱ्याची कणगी रोज रिकामी होते आणि रोज भरते. बसून राहणाऱ्याची भरलेलीच असते. तीत आणखी धान्य ओतले की ते बाहेर सांडते. हे सांडलेले पोटावर आणि यकृतात चरबी होऊन साठते. पुढे शरीरातले इन्सुलिन पुरेसे काम करीनासे होते, रक्तात साखर तुंबते आणि डोळे, मूत्रपिंड, पाय, हृदय यांच्या रक्तवाहिन्या खराब होत जातात.

भातपिकाला गरजेपेक्षा जास्त युरिया दिला तर काय होते, हे मी तुम्हाला सांगायला नको. पीक काळेभोर, भरदार दिसते, पण तुडतुडे त्यावरच येतात आणि वारा आला की तेच आधी लोळते. मात्रा पिकाच्या गरजेप्रमाणे द्यावी लागते. ताटाचेही तसेच आहे. ताटाची मात्रा कामाप्रमाणे ठरवावी.

किराण्याच्या यादीवरून हिशेब

रोज स्वयंपाकघरात वजनकाटा घेऊन कोणी बसत नाही. म्हणून महिन्याच्या किराण्यावरून हिशेब करू. घरात पाच मोठी माणसे आहेत आणि कोणी जड अंगमेहनतीचे काम करीत नाही, असे धरा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची मार्गदर्शक तत्त्वे दिली. जागतिक आरोग्य संघटनेनेही मीठ-साखरेची मर्यादा सांगितली आहे. त्यांवरून हे आकडे निघतात.

तांदूळ, गहू, नाचणी मिळून माणशी दिवसाला सुमारे २५० ग्रॅम, म्हणजे घराला महिन्याला सुमारे ३७ किलो. नांगर-कुदळीचे काम करणाऱ्याला अर्थातच जास्त लागेल.

तेल माणशी दिवसाला २७ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे महिन्याला ४ किलो. वडे, भजी, फरसाण यांचे तेल यातच धरायचे.

मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक चमचा. घराला महिन्याला पाऊण किलोच्या आत. लोणचे, पापड, खारवलेली मासळी यांतले मीठही यातच आले. खारवलेली मासळी रांधण्यापूर्वी पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यावे. जेवताना वरून मीठ घेण्याची सवय मोडावी.

साखर आणि गूळ मिळून माणशी दिवसाला २० ते २५ ग्रॅम. आता चहाचा हिशेब बघा. एका कपात दोन चमचे म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर. दिवसाला पाच कप घेतले तर ५० ग्रॅम झाली. एका माणसाची वर्षाला १८ किलो साखर नुसत्या चहातून पोटात जाते! कप दोनवर आणा, चमचा एकावर आणा. जीभ थोड्याच दिवसांत सरावते. गूळ घातला म्हणजे चालते, हा समज मात्र सोडा. साखरेच्या दृष्टीने गूळ तिचाच भाऊ.

या महिन्याची किराण्याची यादी काढा आणि या आकड्यांशी ताडून पाहा. कुठे जास्त होते ते तुमचे तुम्हालाच दिसेल.

भात सोडू नका, वाटा कमी करा

आपल्या भागात भात सोडा म्हणणे म्हणजे घर सोडा म्हणण्यासारखे आहे. तसे मी सांगणार नाही. ताटाचा अर्धा भाग भाजी, कोशिंबीर, फळ यांनी भरावा. पाव भागात डाळ, कडधान्य, अंडे किंवा मासळी घ्यावी. उरलेल्या पाव भागात भात किंवा भाकरी. तांदूळ गिरणीत फार पांढराशुभ्र करून घेऊ नये. कोंड्याबरोबर त्यातली जीवनसत्त्वे आणि चोथा निघून जातो.

मुरबाड-शहापूरकडे वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी पिकते. बऱ्याच ठिकाणी ही जमीन पडीक पडू लागली आहे. घरच्यापुरती चार-पाच गुंठे तरी नाचणी लावावी. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळात ते जेमतेम १० मिलिग्रॅम. नाचणीत चोथाही तांदळाच्या कितीतरी पट असतो. पण एक लक्षात ठेवा, नाचणी हे औषध नव्हे. भात तेवढाच ठेवून वर नाचणीची भाकरी खाल्ली तर साखर वाढेलच. भाकरी भाताच्या जागी घ्यायची आहे.

भात कापणीनंतर अंगओलीवर वाल, हरभरा, मूग टाकण्याची आपली जुनी रीत फार शहाणपणाची आहे. जमिनीला नत्र मिळते आणि घरात वर्षाचे बिरडे होते. भात आणि वाल यांची प्रथिने एकमेकांची उणीव भरून काढतात. परसात पावसाळ्यात भेंडी, दोडका, पडवळ, लाल माठ आणि हिवाळ्यात मुळा, मेथी, वांगी, टोमॅटो घ्यावेत. कडेला एक शेवगा असावा. पहिल्या पावसात टाकळा, कंटोली, कुर्डू या रानभाज्या मिळतात, त्यांचा मान राखावा. ज्यांना परस उरले नाही त्यांनी गच्चीवर जुन्या डब्या-पिंपांत माठ, मेथी, मिरची लावावी. भाजीही मिळते आणि उठबसही होते.

चालणे ही रोजची मशागत

गावातली मुले आता लोकलने ठाण्या-मुंबईला कामाला जातात. जाता-येता तीन तास गाडीत, आठ तास खुर्चीवर, फलाटावर वडापाव आणि रात्री दहाला पोटभर जेवण. अशा माणसाने आठवड्यातून निदान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चालावे. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतका वेग हवा. स्टेशनपासून शेअर रिक्षा टाळली तर निम्मे चालणे तिथेच होते. रात्री जेवण लवकर आणि हलके घ्यावे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे फिरावे. आठवड्यातून दोनदा कुदळ, फावडे किंवा जिने चढण्यासारखे जोराचे काम करावे. झोपही सात तास मिळावी.

याने खरोखर फरक पडतो का? पडतो. चेन्नईला मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर एक अभ्यास झाला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी खाणे बदलले आणि रोज चालणे ठेवले, त्यांच्यात तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी राहिले.

तंबाखू, मिश्री, विडी, गुटखा यांबद्दल थोडक्यात सांगतो. मिश्री दातांचे औषध आहे असे आपल्या मावश्या-आत्या समजतात. ती जाळलेली तंबाखूच आहे. तोंडाचा कर्करोग आणि हृदयविकार दोन्ही तिच्या मागून येतात. दारूचेही तेच. हळदीच्या रात्री पाहुण्याचा मान जेवणाने राखावा, बाटलीने नव्हे.

तपासणी: रोपांचे शेंडे खुडण्यासारखी

खोडकिडीने पांढरी, पोकळ लोंबी दाखवली की त्या ताटाचे काही करता येत नाही. म्हणून लावणीपूर्वीच रोपांचे शेंडे खुडून अंडी नष्ट करा, असे आम्ही सांगतो. रक्तदाब आणि साखर यांचीही तीच गत आहे. सुरुवातीला काही दुखत नाही, काही दिसत नाही.

म्हणून वयाची ३० वर्षे झालेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तपासणी करावी. गावच्या उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा महापालिकेच्या आरोग्य केंद्रात जावे. आशाताईंना विचारावे, त्या वेळ सांगतात. पुढील तपासणीला कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर आणि उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय आहे. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असावी. १०० ते १२५ म्हणजे धोक्याचा इशारा. १२६ किंवा अधिक आली तर डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घ्यावी. रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा वर राहिला तर उपचार हवेत. घरी टेपनेही अंदाज घेता येतो. पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरपेक्षा किंवा बाईचा ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर सावध व्हावे. तोंडात पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर ताबडतोब दाखवावे.

ज्यांना मधुमेह आहेच, त्यांनी बरे वाटते म्हणून गोळी बंद करू नये. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड ही गोळीची जागा घेत नाहीत. जेवणात मोठा बदल करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे, कारण गोळीची मात्राही बदलावी लागते. आणि लावणीच्या चिखलात अनवाणी उतरू नये. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. काटा, शिंपला लागलेला कळत नाही, जखम चिघळते आणि कधी पाय गमावण्याची पाळी येते. गमबूट घालावेत. रोज रात्री पाय धुऊन, पुसून, तळवे उजेडात पाहावेत.

बंधू-भगिनींनो, जमीन गेली ती परत येईलच असे नाही. पण ज्या अंगाने ती जमीन कसली, ते अंग अजून आपल्या ताब्यात आहे. त्याची मशागत आपणच करायची आहे.

ध्यानात ठेवा

१. काम हलके झाले असेल तर भाताचा वाटाही कमी करा, भाजी-डाळ वाढवा.
२. पाच जणांच्या घराला महिन्याला मीठ पाऊण किलोच्या आत, तेल ४ किलोच्या आसपास.
३. चहा दिवसाला दोनदा, साखर एक चमचा.
४. भाताच्या जागी नाचणीची भाकरी, कापणीनंतर अंगओलीवर वाल.
५. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे.
६. तंबाखू, मिश्री, दारू बंद.
७. तिशीनंतर दरवर्षी साखर आणि रक्तदाब तपासणी.